पाठीच्या कण्याची दुखापत (एल१): भाऊ पुन्हा चालेल का? माहिती आणि अनुभव हवेत

राजापूरची_ताई | २४ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, गावी राजापूर तालुक्यात असतो. एप्रिलच्या मध्यावर हापूस उतरवताना फांदी मोडली आणि तो वीसेक फुटांवरून गडग्यावर पाठीवर आपटला. शेजाऱ्यांनी शहाणपणा केला, उचलून बसवला नाही, फळीवर घालून रस्त्यापर्यंत आणला. मग १०८ आणि घाट चढून कोल्हापूर. एल१ (कमरेचा पहिला) मणक्याचा चुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून स्क्रू आणि रॉड बसवले. डिस्चार्ज कार्डावर 'एशिया बी' असं लिहिलंय. दोन्ही पाय हलत नाहीत. मांडीला हात लावलेला कळतो, पावलाला नीटसं कळत नाही. लघवीला नळी आहे. परवा घरी आणला.

चालेल का असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सहा महिने बघू. गावात ज्याचं त्याचं निराळं. एकजण म्हणतो, एका शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, चार लाखांत पाय हलायला लागतात. दुसरा मालिशवाला आणायला बसलाय. आई ग्रामदेवतेला कौल लावून आली. मी ठाण्यात, तिकडे आई, वहिनी आणि पाच वर्षांचा भाचा.

धीर द्यायला बरेच आहेत. मला खरं काय ते हवंय.

---

निळा_समुद्र | २४ मे, रात्री ११.०५

वाचून वाईट वाटलं ताई. सकारात्मक राहा. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागली आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक!

---

हातपाय_हलवा | २५ मे, सकाळी ७.१५

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याचे पेशंट रोजचे. भाऊंना मी तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

'सहा महिने बघू' हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या 'बी' मध्ये आहे आणि ते कोणीतरी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं.

एशिया श्रेणी ए पासून ई पर्यंत असते. ए म्हणजे सगळ्यात खालच्या नसांना, म्हणजे गुदद्वाराभोवती, ना संवेदना ना हालचाल. तिला पूर्ण दुखापत म्हणतात. बी म्हणजे तिथे संवेदना शिल्लक आहे, पण दुखापतीच्या खाली हालचाल नाही. सी म्हणजे हालचाल आहे, पण निम्म्याहून जास्त मुख्य स्नायूंची ताकद ३ पेक्षा कमी. डी म्हणजे निम्मे किंवा जास्त स्नायू ३ किंवा वर. ई म्हणजे सर्व ठीक. ताकद ० ते ५ मोजतात. ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येणं. डी वाले बहुतेक चालतात. सी मधले बरेच जण कसे ना कसे चालू लागतात. ए मधून चालण्यापर्यंत पोचणारे फार थोडे. बी मधोमध लटकलेला, आणि म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी हो-नाही केलं नसावं.

आता दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ही तपासणी कधीची? दुखापतीनंतर कण्याला शॉक बसतो, सगळं बंद पडल्यासारखं दिसतं. पहिल्या दिवसापेक्षा ७२ तासांनंतरच्या तपासणीवर जास्त भरवसा ठेवतात, आणि आता तर महिना झालाय, परत करून घ्या. दोन, पायाला आणि गुदद्वारापाशी नुसता कापूस कळतो की टाचणीची टोचही 'टोच' म्हणून कळते? टोच आणि दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या वाटा हालचालीच्या वाटेच्या जवळून जातात. टोच कळत असेल तर हालचाल परतण्याची शक्यता नुसता स्पर्श कळणाऱ्यांपेक्षा चांगली.

तिसरी गोष्ट भाऊंच्या बाजूची आहे. मुख्य मज्जारज्जू साधारण एल१-एल२ पाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा असतो, कॉडा इक्विना. मज्जारज्जूतले तंतू तुटले तर पुन्हा जोडून येत नाहीत. जुडग्यातल्या नसा हातापायांच्या नसांसारख्या, त्यांना वाढायची थोडी मुभा असते. एल१ च्या दुखापतीत बऱ्याचदा दोन्हींचं मिश्रण असतं. पण या नसा दिवसाला फार तर एक मिलिमीटरच्या आसपास वाढतात. कंबरेपासून मांडीपर्यंतचं अंतर मोजा, मग पोटरीपर्यंतचं. म्हणून मांडी आधी, पाऊल शेवटी आणि कधी कधी येतच नाही. मांडीचा पुढचा स्नायू ३ पर्यंत आला तर पाऊल लुळं असलं तरी घोट्याला स्प्लिंट लावून माणूस घरात चालतो.

सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत, मग हळू, साधारण दीड वर्षापर्यंत. त्यानंतरही काहींना थोडं येतं, पण त्याच्या आशेवर घर चालवू नये.

२०११ साली युरोपातल्या पेशंटांवरून एक आडाखा बसवला गेला, तो आम्ही अजून वापरतो. पाचच गोष्टी: वय ६५ च्या खाली की वर, मांडीच्या (एल३) आणि पोटरीच्या (एस१) स्नायूंची ताकद, आणि त्याच दोन जागी हलका स्पर्श. पहिल्या पंधरा दिवसांतल्या या नोंदींवरून वर्षभरानंतर माणूस स्वतःच्या पायांवर चालेल का, याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. भाऊंचं वय त्यांच्या बाजूने आहे. कोल्हापूरच्या कागदांत या नोंदी असतील, त्या मागून घ्या.

---

चाकावरचा_वैभववाडीकर | २५ मे, सकाळी ९.३०

हातपाय_हलवा यांनी छान सांगितलंय. मी दुसऱ्या बाजूने सांगतो, खुर्चीवरून.

मी पावसाळ्याआधी कौलं चाळायला छपरावर चढलो होतो. डी६ (छातीमागचा सहावा मणका), एशिया ए. चालत नाही, चालणार नाही. दुकान आहे, हाताने ब्रेक-गिअर मारायची गाडी आहे, कणकवली-कुडाळ स्वतः करतो.

निळा_समुद्र, राग मानू नका, पण पेटकरसाहेबांचं नाव आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं जातं की विचारू नका. त्यांनी पदक मिळवलं ते पाय परत आले म्हणून नव्हे. नुकत्या पडलेल्या माणसाला त्यात 'तू पण उठशील' एवढंच ऐकू येतं, आणि नाही उठला तर दोष त्याच्या जिद्दीला.

ताई, तुमचा प्रश्न 'चालेल का' हा आहे. माझ्यासोबत वॉर्डात असलेल्यांपैकी जे आज नाहीत, ते चालता येत नव्हतं म्हणून गेलेले नाहीत. कोणी पाठीच्या जखमेतून रक्तात विष पसरून गेला, कोणी मूत्रपिंड निकामी होऊन. तेव्हा आजपासून:

बिछान्यात दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, गजर लावून. माकडहाड, टाचा, खुबे रोज आरशात बघायचे. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून लाली जात नसेल तर त्या जागेवर अजिबात वजन नाही. खुर्चीत बसायला लागला की पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून घ्यायचं.

कोणीतरी हवेची गादी घ्यायला लावेल. चांगली असते, पण पंपावर चालते. आपल्याकडे जूनमध्ये झाड तारेवर पडलं की दोन दोन दिवस लाईट नाही. गादी बसते आणि माणूस लाकडी पलंगावर. इन्व्हर्टर नसेल तर जाड फोमची गादी घ्या आणि कूस बदलण्यावरच विसंबा. दमट हवेत घामाने कातडी लवकर सोलते, सुती चादर, रोज कोरडं करणं.

कायमची नळी किती दिवस ठेवणार ते यूरोलॉजिस्टला विचारा. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढून घ्यायची (सीआयसी), हात धड असलेला माणूस स्वतः शिकतो. मी दुकानाच्या मागच्या खोलीत करतो, गिऱ्हाइकाला पत्ता नसतो.

---

बाबल्या_मालवणकर | २५ मे, दुपारी २.१०

ताई, माझ्या काकांचा असाच झाला होता, माडावरसून पडले. आम्ही पण रवळनाथाक कौल लायलो, त्यात काय वायट नाय, घरच्यांका धीर येता. पण मालिशवाल्याक घरात घेव नको. त्यान गुडघो असो काय मुरगाळल्यान की मांडयेचा हाड मोडला. काकांका कळलाच नाय! पाय सुजलो तेव्हा एक्सरे काढलो. वापर नसल्यान हाडा पोकळ होतत असा मागिर डाक्टर बोललो.

---

हातपाय_हलवा | २५ मे, दुपारी ३.००

बाबल्याभाऊ, अगदी. आणि गरम पाण्याची पिशवी, वाळूचा शेक, काढ्याची वाफ, यातलं काहीही बधिर पायावर नको. भाजलेलं पेशंटला कळत नाही, फोड आल्यावर घरच्यांना दिसतं. सांध्यांची हलक्या हाताने हालचाल मात्र रोज दोनदा हवीच, नाहीतर घोटे आखडतात. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर चोळायचा नाही, आधी डॉक्टर. रक्ताची गुठळी असू शकते.

---

सरळमार्गी | २५ मे, रात्री ९.२०

सगळे स्टेम सेलच्या विरुद्धच बोलणार हे माहीत होतं. माझ्या मेहुण्याच्या मित्राने घेतलं, चार महिन्यांत पायाची बोटं हलली. ॲलोपॅथीवाल्यांकडे उत्तर नाही तर एकदा करून बघायला काय हरकत आहे? जमीन विकून लोक लग्नं करतात, हे तर माणसाच्या पायांसाठी आहे.

---

शंकासुर | २५ मे, रात्री १०.००

दुखापतीनंतर किती दिवसांनी घेतलं मित्राने? दुखापत पूर्ण होती की अपूर्ण? या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर बोटं कशाने हलली हे कोणालाच सांगता येणार नाही. जो काळ शरीर आपणहून सुधारण्याचा, नेमक्या त्याच काळात हे लोक इंजेक्शन देतात आणि श्रेय घेतात.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. काही रक्ताच्या आणि तत्सम आजारांतलं मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन. मज्जारज्जूची दुखापत मान्य यादीत नाही. संशोधन असेल तर नोंदणी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते आणि पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. जो चार लाख मागतोय त्याला नोंदणी क्रमांक विचारा, फोन ठेवतो की नाही बघा.

---

सरळमार्गी | २५ मे, रात्री १०.१२

विचारून सांगतो.

---

राजापूरची_ताई | २७ मे, रात्री ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रत्नागिरीहून फिजिओ येऊन गेले. टाचणीची टोच दोन्ही मांड्यांना कळते, उजव्या पोटरीला अर्धवट, पावलांना नाही. गुदद्वारापाशी टोच कळते. हालचाल शून्य. श्रेणी अजून बीच.

आज वेगळंच विचारायचंय. तो जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून असतो. काल वहिनीला म्हणाला, मला विहिरीत ढकला आणि मोकळे व्हा. आईसमोर हसतो. यावर काय करायचं?

---

चाकावरचा_वैभववाडीकर | २८ मे, सकाळी ६.५०

ताई, व्यनि (खासगी निरोप) केला आहे, त्यात माझा नंबर आहे. भावाला द्या. फोन त्यानेच करायचा, तुम्ही मध्ये नको. नाही केला तर दोन दिवसांनी मी करतो.

आणि विहिरीचं बोलणं 'बोलायची पद्धत' म्हणून सोडू नका. त्याला एकटा ठेवू नका, गोळ्यांची पाकिटं उशाशी नकोत. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि तोवर टेलिमानस १४४१६ वर फोन करता येतो, मराठीत बोलतात. पाय गेल्याचं दुःख होणारच, त्याला औषध नाही. पण झोप-जेवण तुटतं त्याला आहे. मी सुद्धा वर्षभर गोळी घेतली.

---

अनघा_गुहागर | २८ मे, दुपारी १२.१५

मी वहिनीच्या जागी आहे म्हणून लिहिते. माझ्या यजमानांना डी१२, अपूर्ण. आता कुबड्या आणि कॅलिपरवर (पायाला बांधायचा आधार) ओटीपर्यंत येतात, बाहेर खुर्ची.

वहिनीला कोणी काही विचारतं का? पहिल्या वर्षात माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस 'ते कसे आहेत' एवढंच विचारायचा. दोन तासांनी कूस म्हणजे तीही रात्रभर झोपत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हव्यात, मग सासूबाई असोत, शेजारचा पोरगा असो की तुम्ही ठाण्याहून आलात तर तुम्ही.

शौचाचं वेळापत्रक पहिल्या महिन्यातच लावा. रोज एकाच वेळी, जेवणानंतर, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) किंवा बोटाने. माझ्या यजमानांना सगळ्यात जास्त शरम याची होती आणि वेळ बसल्यावर तेच आधी माणसांत बसायला लागले.

आणखी एक, जे वहिनी कधीच विचारणार नाही. नवरा-बायकोचं नातं संपत नाही. गोळ्या आहेत, आणि मूल हवं असेल तर बीज काढून घ्यायच्या पद्धती आहेत. यूरोलॉजिस्टला बेधडक विचारावं. आम्ही फार उशिरा विचारलं.

---

निळा_समुद्र | २८ मे, दुपारी ४.४०

वैभववाडीकर, तुमचा मुद्दा पटला. एक शंका: मेंदूत चिप बसवून लंगडा माणूस चालला असं मध्यंतरी वाचलं होतं, ते खोटं का?

---

हातपाय_हलवा | २८ मे, रात्री ८.३०

खोटं नाही. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने एका डच गृहस्थाच्या मेंदूवर आणि कण्यावर यंत्रं बसवून दोघांना बिनतारी जोडलं. ते उभे राहून कुबड्यांनी चालले. पण एक माणूस, अपूर्ण दुखापत, आणि त्याआधी कित्येक वर्षांचा व्यायाम. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कातडीवरून कण्याला विद्युत उत्तेजन देणाऱ्या एका यंत्राला मान्यता दिली, तेही मानेच्या अपूर्ण दुखापतीत हातांसाठी. भाऊंच्या पायांना याचा आज उपयोग नाही. बातम्या वाचा, जमीन विकू नका.

उपयोग होईल तो चांगल्या पुनर्वसन केंद्रात काही आठवडे भरती होण्याचा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे कॅलिपर वगैरेही बनतात. खडकीचं केंद्र सैनिकांसाठी आहे. घरी येणारा फिजिओ अर्धा तास पाय हलवून जातो. खुर्चीतून पलंगावर जायचं, स्वतः कपडे घालायचे, नळी घालायची, हे दिवसभर गिरवल्याशिवाय येत नाही.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | २९ मे, सकाळी १०.००

कागदपत्रांचं पाहा. १) यूडीआयडी, दिव्यांग प्रमाणपत्र. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतं. ते कधी द्यायचं हे वैद्यकीय मंडळ ठरवतं, अर्ज ऑनलाईन. २) सातबारावर त्याचं किंवा वडिलांचं नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. झाडावरून पडणं बसतं, दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख. तालुका कृषी कार्यालयात ताबडतोब जा, मुदत असते. पंचनाम्याची प्रत सोबत. पोलिसांकडे नोंद केली नसेल तर आधी ते.

अवांतर: दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा झेला वापरून निम्मे आंबे तरी खालून उतरतात. नारळासाठी नारळ विकास मंडळाची चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा विमा योजना आहे. किती बागायतदार आपल्या गड्यांचा विमा काढतात, हात वर करा.

---

बाबल्या_मालवणकर | २९ मे, सकाळी १०.२५

हात वर करूक कोण नाय गावाचो.

अवांतराक अवांतर: कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक स्वतः खुर्चयेर. तेंच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेन आमच्या सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा काम अपंगांका घेवन सुरू केल्यानी. भावाक बागेत चढाक नाय जमला तरी आंब्या-काजूत खाली बसान करूची कामा खूप आसत.

---

राजापूरची_ताई | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

खूप दिवसांनी लिहितेय. मधे मुंबईत पुनर्वसनासाठी ठेवलं होतं, आता गणपतीला घरी आलोय.

उजवी मांडी: ताकद २. पाय जमिनीवरून सरकतो, उचलत नाही. डावी: १, नुसता स्नायू ताणलेला हाताला लागतो. दोन्ही पावलं काही नाही. श्रेणी सी झाली. नळी स्वतः घालतो. पाठीला एक जखम झाली होती, भरली. वैभववाडीकरदादांशी त्याचं रोज काय बोलणं होतं ते आम्हाला सांगत नाही, पण जेवतो. भाच्याला खुर्चीवर बसवून पडवीत फेऱ्या मारतो आणि आई ओरडते.

स्टेम सेलवाल्यांना नोंदणी क्रमांक विचारला होता. शंकासुर म्हणाले तसंच झालं.

हातपाय_हलवा, २ चा ३ होईल का?

आणि घराबद्दल: जोतं तीन फूट उंच, पुढे चार पायऱ्या, रस्त्यापासून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट). न्हाणीघराचं दार अरुंद. सध्या दोघं उचलून नेतात. काय करता येईल?

---

हातपाय_हलवा | ३ सप्टेंबर, रात्री ११.००

साडेचार महिन्यांत उजव्या मांडीला २ ही चांगली खूण आहे. उजवीकडे ३ व्हायची शक्यता मला बरी वाटते. डावीबद्दल वर्षअखेरीस बोलू. पावलं येतील असं धरून चालू नका. दोन्ही घोट्यांना स्प्लिंट, कदाचित डावीकडे मांडीपर्यंतचा कॅलिपर, आणि वॉकर. घरातल्या घरात, दमत दमत. पाखाडी उतरून रस्त्यावर जायला खुर्चीच. उजव्या मांडीची ताकद दर महिन्याला लिहून ठेवा. दोन-तीन महिने आकडा हलला नाही म्हणून व्यायाम थांबवू नका. आणि खांदे सांभाळा, आता तेच त्याचे पाय.

---

चाकावरचा_वैभववाडीकर | ४ सप्टेंबर, सकाळी ७.४०

रॅम्पचा हिशोब १ ला १२. तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लांबी लागते, समोरच्या खळ्यात मावणार नाही. गवंडी म्हणेल दहा फुटांत बसवतो, ऐकू नका. तेवढ्या चढावर खुर्ची मागे उलटते. घराच्या कुशीला लावून मध्ये वळण घेऊन दोन टप्प्यांत काढा, वळणावर पाच फूट सपाट जागा. लादी गुळगुळीत नको, शेवाळ धरते. मी जांभा तसाच खडबडीत ठेवलाय आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ब्रशने घासून घेतो.

न्हाणीघराची चौकट काढून ३२ इंचांची करा, दार बाहेर उघडणारं. उंबरठा फोडावा लागेल, आईंना आधी विचारा, आमच्याकडे त्यावरून आठवडा अबोला होता. पाखाडीला उत्तर नाही माझ्याकडे. मागच्या बाजूने बागेतून गाडीरस्ता निघतो का बघा, शेजाऱ्याच्या हद्दीतून जात असला तरी विचारा, आत्ता गणपतीत सगळे घरी आहेत.

पडवी, न्हाणीघर आणि मागच्या बागेचे फोटो टाका. खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी पण मोजून सांगा, गवंड्याला चौकटीचं माप सांगण्याआधी ती हवी.